काट्यावर वजन झालं, बिल पडलं नाही: जोड न मिळणाऱ्या नोंदी शोधण्याचं एक प्रकरण

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात जानेवारी उजाडला की साखर कारखान्याच्या ऊस विभागाच्या खिडकीवर एकच प्रश्न येतो: "अण्णा, शेजाऱ्याचं बिल पडलं, माझं का नाही?" हा प्रश्न एकाने विचारला तर त्याची पावती शोधून देता येते. पण अशा पावत्या एकूण किती आणि कोणाकोणाच्या, हे विचारायला कोणी खिडकीवर येत नाही. ते डेटाबेसलाच विचारावं लागतं. खालचं प्रकरण त्याच प्रश्नाचं आहे. कारखान्याचं नाव दिलेलं नाही आणि आकडे समजावण्यासाठी घेतलेले नमुन्याचे आहेत. पण चुका अगदी अशाच होतात.

प्रश्नाला कायद्याची धार आहे. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर त्यापुढच्या दिवसांवर वर्षाला 15 टक्के व्याज लागतं. 12 जानेवारी 2025 ची 14.360 टनांची एक पावती घ्या. 2024-25 हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये, म्हणजे टनाला 3,400 होती. तोडणी-वाहतुकीची वजावट हिशेबाच्या सोयीसाठी बाजूला ठेवली तर रक्कम 48,824 रुपये होते. 26 जानेवारीपर्यंत ती खात्यावर पडली नाही, तर 27 तारखेपासून रोजचे 20 रुपये व्याज चढतं आणि महिनाभरात ते 602 रुपये होतं. एका पावतीचं हे काही मोठं नाही. पण पावती कोणाला दिसलीच नाही तर हंगाम संपेपर्यंत व्याज चढत राहतं.

डेटा कसा मांडलेला होता

सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस होता आणि ऊस विभागातले क्लार्क मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस जोडून त्यावर काम करत. आपल्या कामाची टेबलं पाच. 'शेतकरी'मध्ये कोड, नाव, गाव कोड. 'गाव'मध्ये गाव कोड, नाव, तालुका, गट ऑफिस (कारखान्याचं त्या भागातलं ऑफिस). 'नोंद'मध्ये लागणीची किंवा खोडव्याची (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची) नोंद: शेतकरी कोड, सर्व्हे नंबर, क्षेत्र, उसाची जात. 'काटा'मध्ये वजनाची पावती: हंगाम, पावती क्रमांक, नोंद क्रमांक, तारीख, निव्वळ वजन, आणि पावती रद्द झाली असल्यास तशी खूण. 'बिल_ओळ'मध्ये प्रत्येक बिलातली एकेक ओळ: ओळ क्रमांक, हंगाम, पावती क्रमांक, वजन, दर, रक्कम.

बिलाच्या ओळी दोन वाटांनी येत. बहुतेक ओळी बिल काढणारा प्रोग्राम करायचा. काही ओळी गट ऑफिसात हाताने भरल्या जात, म्हणजे फरकाचं बिल, वाहतुकीचा फरक, आगाऊची वजावट, किंवा प्रोग्राम बंद पडला त्या दिवसाच्या पावत्या. हे लक्षात ठेवा, अर्धं दुखणं इथेच आहे.

प्रश्न असा: 1 ते 15 जानेवारी 2025 च्या 1,240 पावत्यांपैकी कोणत्या पावतीला बिलाची एकही ओळ नाही?

पहिलं उत्तर: शून्य

पहिली क्वेरी कोणाच्याही हातून सहज लिहिली जाते. (कीवर्ड इथे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन लिपीतच लागतात. टेबलांची आणि रकान्यांची नावं मात्र पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये देवनागरीत ठेवता येतात.)

सिलेक्ट पावती_क्र फ्रॉम काटा
व्हेअर पावती_क्र नॉट इन (सिलेक्ट पावती_क्र फ्रॉम बिल_ओळ)

उत्तर आलं: एकही ओळ नाही. म्हणजे सगळ्यांची बिलं पडली! इथेच फाइल बंद झाली असती. या क्वेरीची हीच मोठी खोड आहे. ती चुकते तेव्हा एरर देत नाही, आनंदाची बातमी देते.

कारण 'नल' आहे. आगाऊच्या वजावटीची ओळ कुठल्याही पावतीशी बांधलेली नसते, म्हणून तिच्या पावती क्रमांकाचा रकाना रिकामा, म्हणजे नल. 'नॉट इन'चा डेटाबेसच्या लेखी अर्थ असा: ही पावती पहिल्या क्रमांकापेक्षा वेगळी आहे, आणि दुसऱ्यापेक्षाही वेगळी आहे, आणि तिसऱ्यापेक्षाही, अशी शेवटपर्यंत साखळी. 4512 हा नलपेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तर डेटाबेस 'हो' देत नाही आणि 'नाही'ही देत नाही, तो 'माहीत नाही' म्हणतो. साखळीत एक जरी 'माहीत नाही' आलं तर पूर्ण अट खरी ठरू शकत नाही, आणि व्हेअर फक्त खरं ठरलेल्याच ओळी पुढे सोडतो. हजारो ओळींत एक नल पुरे, यादी कोरी.

आतल्या सिलेक्टला 'पावती_क्र इज नॉट नल' ही अट जोडली की हे सुटतं. पण ती अट प्रत्येकाने, प्रत्येक वेळी आठवणीने लिहावी यावर भिस्त ठेवू नये. असल्या कामात नॉट इन वापरूच नये, हे सोपं.

दुसरं उत्तर: सात, आणि सातही खोटे

ॲक्सेसमध्ये याच कामासाठी तयार सोय आहे, 'फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड'. पहिलं टेबल काटा, दुसरं बिल_ओळ, जुळवायचा रकाना पावती_क्र. विझार्ड आतून लेफ्ट जॉइन करतो, काट्याच्या सगळ्या पावत्या ठेवतो, बिलाची ओळ सापडली तर शेजारी मांडतो, आणि सापडली नाही तर तिथे नल ठेवतो. मग 'इज नल' लावून फक्त एकट्या राहिलेल्या पावत्या दाखवतो. नलचा मघाचा सापळा इथे नाही. पंधरवड्याची तारीख लावून यादी आली, 7 पावत्यांची. सातही दुसऱ्या ट्रॉलीच्या.

त्याचा उलगडा लगेच होतो. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला काट्यावर पहिल्या ट्रॉलीला 4530 आणि दुसरीला 4530ब अशी पावती मिळते. एका गटात हाताने बिल करताना दोन्ही ट्रॉल्यांचं वजन एकत्र करून 4530 एवढ्याच क्रमांकावर ओळ टाकलेली होती. पैसे गेले होते, फक्त 4530ब ला जोड मिळत नव्हती.

म्हणजे सगळं ठीक? खिडकीवरचा माणूस मात्र अजून उभाच आहे, आणि त्याची पावती या सातांत नाही.

गोम हंगामाची. पावती क्रमांक दर गळीत हंगामाला 1 पासून सुरू होतो. विझार्ड दोन टेबलांना एकाच रकान्याने जोडू देतो. त्यामुळे यंदाच्या न भरलेल्या 4512 ला गेल्या हंगामातल्या, वर्षापूर्वी पैसे दिलेल्या 4512 ची ओळ सापडली आणि पावती जुळली असं धरलं गेलं. जोड चुकीची लागली की इतर रिपोर्टांत ओळी वाढून बोभाटा होतो, बेरीज फुगते, कोणीतरी हटकतं. जोड न मिळणाऱ्यांच्या यादीत मात्र चुकीची जोड ओळ गिळते, आणि गिळलेलं कोणाला दिसत नाही. म्हणून इथे किल्ली, म्हणजे ओळ नेमकी ओळखायचे रकाने, पूर्ण हवी: हंगाम अधिक पावती क्रमांक.

ॲक्सेसमध्ये हे डिझाइन व्ह्यूमध्ये जाऊन करायचं. काटाचा हंगाम ओढून बिल_ओळच्या हंगामावर सोडा, नवीन रेघेवर डबल क्लिक करा आणि 'काटामधल्या सर्व नोंदी' हा पर्याय निवडा. दोन्ही रेघांचे बाण एकाच दिशेला हवेत, नाहीतर क्वेरी चालत नाही.

हंगाम घालायचा म्हटल्यावर अनेक जण खाली निकषांच्या रांगेत, बिल_ओळच्या हंगामाखाली "2024-25" लिहून मोकळे होतात. मग यादी पुन्हा शून्य. ती अट जोडणी झाल्यावर लागते, आणि एकट्या पावतीच्या शेजारी बिलाचा हंगाम नलच असतो. नल म्हणजे 2024-25 नव्हे, म्हणून नेमक्या हव्या त्याच ओळी गळतात. डावीकडच्या टेबलावरची अट, म्हणजे काट्याची तारीख, व्हेअरमध्ये चालते. उजवीकडच्या टेबलावरची अट 'ऑन'मध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच हवी, किंवा आधी यंदाच्या बिल ओळींची वेगळी क्वेरी करून तिच्याशी जोडावं.

आणखी एक बारीक गोष्ट. 'इज नल' तपासायचं ते ओळ क्रमांकावर, जो कधीच रिकामा नसतो. रक्कम हा रकाना घेतला तर ओळ आहे पण रक्कम भरायची राहिली आहे अशा पावत्याही यादीत घुसतात. तो प्रश्नही महत्त्वाचा आहे, पण वेगळा.

तिसरं उत्तर: तेवीस

सर्व्हरवर चालवायची क्वेरी शेवटी अशी ठरली:

सिलेक्ट क.पावती_क्र, क.तारीख, क.निव्वळ_वजन
फ्रॉम काटा क
व्हेअर क.हंगाम = '2024-25'
अँड क.तारीख बिट्वीन '2025-01-01' अँड '2025-01-15'
अँड नॉट एक्झिस्ट्स (
सिलेक्ट 1 फ्रॉम बिल_ओळ ब
व्हेअर ब.हंगाम = क.हंगाम
अँड ब.पावती_क्र = क.पावती_क्र)

'नॉट एक्झिस्ट्स' प्रत्येक पावतीला एवढंच विचारतो, तुझी एक तरी ओळ आहे का? आहे म्हटलं की पुढची पावती. नलचा घोळ नाही, आणि एका पावतीला तीन हप्त्यांच्या तीन ओळी असल्या तरी काही बिघडत नाही. बिल_ओळवर हंगाम आणि पावती क्रमांक असा जोड-इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) असेल तर पूर्ण हंगामाच्या पावत्यांवरही ती अडत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल तिला अँटी-जॉइन, म्हणजे जोड न मिळालेल्याच ओळी ठेवणारी जोडणी, म्हणूनच चालवतो, आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही सोय 8.0.17 पासून आली.

यादी 23 पावत्यांची. ट्रॉलीच्या जुन्या 7, आणि गेल्या हंगामाच्या आड लपलेल्या 16.

सोळांपैकी 6 रद्द पावत्या होत्या. रिकाम्या गाडीचं वजन चुकलं म्हणून पुन्हा काटा केलेला, बिल दुसऱ्या पावतीवर निघालेलं. क्वेरीत रद्दची अट टाकली की त्या जातात. 5 पावत्यांची बिलंही झालेली होती, पण गट ऑफिसात मराठी कीबोर्डवर क्रमांक ४६०७ असा भरला गेला आणि काट्याच्या सॉफ्टवेअरने 4607 लिहिलेला. मजकूर म्हणून साठवलेले हे दोन वेगळे शब्द आहेत. सीमाभागात कन्नड अंकही सापडतात, एकाच टेबलात तिन्ही तऱ्हा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'ट्रान्सलेट' हे फंक्शन एका ओळीत दहा अंक बदलून देतं. त्यासोबत पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा 'ट्रिम'ने काढाव्यात. पण हे दर वेळी क्वेरीत करू नये, एकदा डेटा साफ करून रकान्यावर 'फक्त 0 ते 9 आणि शेवटी हवं तर ब' अशी अट बसवावी. जोडणीच्या रकान्याभोवती फंक्शन गुंडाळलं की साधा इंडेक्स कामाला येत नाही.

नावावरून जोडायचा मोह कोणाला झाला तर त्याला 'ॲ' हे अक्षर दाखवावं. ते एका कळीनेही येतं, आणि 'अ'वर चंद्र देऊनही येतं. दिसायला सारखं, साठवणीत वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) त्या दोघांना एक करत नाही. श्रीलिपी किंवा जुन्या नुडी (कन्नड) या युनिकोडपूर्व टायपिंग सॉफ्टवेअरमधून रूपांतर करून आणलेल्या यादीबद्दल तर बोलायलाच नको.

उरल्या 5. यांना खरंच बिल नव्हतं.

पाच पावत्या का सुटल्या

पाचही प्रोग्रामच्या वाटेवरच्या होत्या, हाताने भरायच्या नव्हत्या. प्रोग्राम काटा, नोंद, शेतकरी आणि गाव ही चार टेबलं इनर जॉइनने जोडून बिल काढायचा. इनर जॉइनचा नियम सरळ आहे, चारही ठिकाणी जोड मिळाली तरच ओळ पुढे, एका ठिकाणी हुकली तर ओळ नाही आणि तक्रारही नाही.

तिघांचे मळे कोगनोळी नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. शेतकरी टेबलात त्यांचा गाव कोड होता, पण गाव टेबल भरताना फक्त बेळगाव जिल्ह्याची गावं घेतलेली. बिलात गावाचं नाव छापायचं एवढ्यासाठी गाव टेबल जोडलं होतं, आणि नाव सापडलं नाही म्हणून बिलच निघालं नाही. सीमेवर हा प्रकार वरचेवर होतो, कारण ऊस राज्याची हद्द पाहून लावत नाहीत. चौथी पावती वारस नोंदीची. वडील वारल्यावर मुलाला नवा शेतकरी कोड दिला आणि जुना कोड टेबलातून काढून टाकला. नोंद मात्र जुन्याच कोडवर होती. पाचवी बिगरनोंद उसाची, काट्यावर नोंद क्रमांकच रिकामा.

गाव टेबलात दोन्ही राज्यांची गावं घालताना नाव ही किल्ली धरू नये. चिखली, लिंगनूर, बोरगाव या नावांची गावं एकाहून जास्त आहेत. तालुकाही किल्ली म्हणून भरवशाचा नाही, निपाणी तालुका चिकोडीतून वेगळा झाला तेव्हा जुन्या नोंदींत चिकोडी आणि नव्यांत निपाणी असं झालंच. जनगणना 2011 चे सहा अंकी गाव कोड दोन्ही बाजूंच्या गावांना देशभर वेगवेगळे आहेत, ते घ्यावेत.

प्रोग्राममधली दुरुस्ती अशी: गाव, शेतकरी आणि नोंद तिन्हींना लेफ्ट जॉइन, आणि ज्या ओळीत यातलं काहीही नल येईल ती 'अडकलेली बिलं' या वेगळ्या यादीत. आपोआप पैसे सोडायचे नाहीत, पण ओळ गायबही होऊ द्यायची नाही.

मग फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला कोड दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे अशी अट. नोंदीतल्या शेतकरी कोडवर ती आधीच असती तर वडिलांचा कोड डिलीट झालाच नसता. जुन्या डेटावर ती थेट बसवायला गेलं की पहिली चुकीची ओळ सापडते तिथेच काम थांबतं. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून बसवावी, म्हणजे नव्या नोंदींना ती लगेच लागू होते. मग वरच्याच नॉट एक्झिस्ट्सने जुन्या अनाथ नोंदी शोधून निस्तराव्यात आणि शेवटी 'व्हॅलिडेट' करावं. फॉरेन की नलला अडवत नाही हेही ध्यानात असू द्या. बिगरनोंद उसाची पाचवी पावती तिच्यातून निसटलीच असती. तिथे 'नॉट नल' हवं, आणि बिगरनोंद उसासाठी गटागणिक एक राखीव नोंद.

यादी पूर्ण आहे हे कशावरून

वजनावरून. पंधरवड्यात रद्द सोडून काट्यावर 17,853.420 टन. बिलांत 17,785.160 टन. फरक 68.260 टन. पाच पावत्यांची वजनं 14.360, 12.845, 15.120, 11.730 आणि 14.205, बेरीज 68.260. किलोचाही फरक नाही, म्हणजे यादीबाहेर काही राहिलेलं नाही. वरच्याच दराने ही रक्कम 2,32,084 रुपये होते.

या दोन बेरजा वेगवेगळ्या काढाव्यात. काटा आणि बिल_ओळ आधी जोडून मग बेरीज घेतली तर दोन हप्त्यांत बिल पडलेल्या पावतीचं वजन दोनदा मोजलं जातं. मोजणीतही तसंच. लेफ्ट जॉइननंतर 'काउंट(*)' घेतला तर बिल नसलेल्या पावतीलाही 1 येतो. बिलाच्या ओळ क्रमांकाचा काउंट घ्यावा, मग 0 येतो.

उलटी बाजूही पाहावी: बिलाची ओळ आहे पण तशी पावतीच नाही. काटा आणि बिल_ओळ यांची जागा बदलून तीच क्वेरी. नलच्या ओळी इथे दिसतील, त्या वजावटीच्या म्हणून आधीच वगळा. दोन्ही बाजू एका यादीत हव्या असतील तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन आहे, तो दोन्ही टेबलांतल्या एकट्या ओळी ठेवतो. ॲक्सेस आणि मायएसक्यूएलमध्ये तो नाही, तिथे दोन क्वेरी 'युनियन ऑल'ने जोडाव्या लागतात.

चिटबॉयला (कारखान्याचा, शेतावर तोडीचं पाहणारा माणूस) फेब्रुवारीत हवी असते ती यादी याच घरातली: नोंद आहे, पण एकही काटा नाही. म्हणजे ऊस उभा आहे किंवा दुसरीकडे गेला. इथे जोड सर्व्हे नंबरवर लावू नका. कर्नाटकाच्या जमिनीच्या उताऱ्यात सर्व्हे नंबर, सरनॉक आणि हिस्सा असे तीन भाग असतात आणि सरनॉकच्या जागी बहुतेक वेळा नुसता तारा. पलीकडच्या सातबाऱ्यावर गट नंबर. क्षेत्र इकडे एकर-गुंठ्यांत, तिकडे हेक्टर-आरमध्ये. जोड नोंद क्रमांक आणि हंगामावरच. यादी हातात आल्यावर रोजची तोड ठरवताना ती लागण तारखेने लावून घ्यावी आणि खोडवा वेगळा काढावा.

बिलाची तपासणी पंधरवडा संपल्यावर करून चालत नाही, तोवर पहिल्या तारखेच्या पावतीचे 14 दिवस भरलेले असतात. क्वेरी रोज सकाळी चालवायची, आणि तारखेची अट 'आजपासून 10 दिवस किंवा त्याहून जुन्या' अशी. अडकलेलं बिल सोडवायला मग चार दिवस हातात राहतात, वारसाचा उतारा आणून घ्यायलाही तेवढे लागतातच.